वाढीव पट्टी

शाळेत असताना मी एकदा बाबांची पट्टी दप्तरात घालून नेली. पोलादी, चकचकीत, वर्गात कुणाकडेच नव्हती अशी. भूमितीच्या तासाला माझी एकूण एक रेघ चुकली. दहा सेंटिमीटरची रेघ बाईंच्या पट्टीवर दोन मिलिमीटर जास्त भरायची. लाल शेरा घेऊन रडत घरी आले, तर बाबा पोट धरून हसले. म्हणाले, "रेघ बरोबर आहे गो तुझी. अजून थंड व्हायचीय."

बाबा मरोळच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये पॅटर्न मेकर होते. लोखंडाची वस्तू ओतायच्या आधी ती लाकडात करावी लागते, मग ती वाळूत दाबून साचा घ्यायचा आणि त्यात रस ओतायचा. धातू थंड होताना आकसतो, म्हणून लाकडाचा नमुना थोडा मोठा हवा. दर वेळी आकडेमोड नको, म्हणून या लोकांची पट्टीच वेगळी असते. तिच्यावरचा इंच खऱ्या इंचापेक्षा जरासा मोठा. बाबा तिला वाढीव पट्टी म्हणत. नमुना पुरा झाला की त्याच्या पाठीवर पेन्सिलने लिहीत, 'साध्या पट्टीने मोजू नये'. नाहीतर कुणीतरी दीडशहाणा यायचा आणि तासून तो 'बरोबर' करून ठेवायचा.

माझी अडचण दुसऱ्या पट्टीची होती, गाण्याच्या. माझा आवाज पहिल्यापासून जाड. प्रार्थनेला बाईंनी मला मागच्या रांगेत उभं केलं होतं आणि नुसते ओठ हलवायला सांगितलं होतं. तो राग मी अजून सोडलेला नाही. नोकरी लागल्यावर इलेक्ट्रिक गिटार घेतली आणि आवडलेलं प्रत्येक गाणं खाली, माझ्या पट्टीत आणलं. पण गिटारच्या तारा तेवढ्या उतरवल्या की ढिल्या पडतात. सगळ्यात जाड तार तर कपडे वाळत घालायच्या दोरीसारखी लोंबायची आणि नुसती भणभणायची. जास्त लांबीच्या गिटारी असतात, तार लांब असली की उतरवूनही ताठ राहते, हे मी वाचलं होतं. हातात धरून पाहिलेली मात्र एकही नव्हती.

गेल्या वर्षी त्या गिटारचा दांडा पिळला. मरोळचा गाळा बंद झाल्यापासून बाबा दहिसरच्या घरात बसून होते आणि आईच्या डब्यांची धडधाकट झाकणं 'दुरुस्त' करत होते. मी विचारलं, "बाबा, गिटार कराल?" 

त्यांनी बाल्कनीतल्या कुंड्या उचलून आत ठेवल्या आणि तिथे टेबल मांडलं. आई म्हणाली, "झालं. आता माझी तुळस हॉलमध्ये."

मी त्यांना मापं दिली. तार जिथून जिथपर्यंत वाजते ते अंतर साडेपंचवीस इंच, आणि दांड्यावर जिथे बोट दाबून सूर काढायचा, त्या प्रत्येक पडद्याची जागा. बाकी त्यांनी माझं काही ऐकलं नाही. "ही शिंगां कित्याक? बैल आसा?" म्हणून दांड्याच्या दोन्ही बाजूंना पुढे आलेली टोकं उडवली. गाळ्यातून आणलेल्या सागवानाच्या कडा सवयीने उतरत्या केल्या, कारण नमुना वाळूतून अलगद निघायला हवा.

"बाबा, हिला वाळूत कोण घालणार आहे?"

"असू दे गो. हात ऐकत नाही."

अंगाशी धरली तर ती उतरती कड बरगडीला अशी मऊ लागली, की मी ती तशीच राहू दिली. जुन्या गिटारचे बाकी भाग बसवले आणि आता फक्त तारा लावायच्या राहिल्या. बाबांनी कौतुकाने जुना दांडा नव्याशेजारी ठेवला. आणि त्यांचा चेहरा उतरला.

पडदे जुळत नव्हते. पहिला जवळजवळ जुळला, पुढे फरक वाढत गेला, बारावा तर चांगला दोन सूत पुढे, म्हणजे पाव इंच. बाबांनी टेबलावरची पट्टी उचलून कोपऱ्यातली बारीक अक्षरं वाचली. वाढीव पट्टी. सगळी गिटार त्यांनी तिनेच आखली होती.

"माझां डोकां गेलां गो," ते म्हणाले आणि करवत शोधायला लागले.

माझे मोठे काका शेवटी घरचा रस्ता विसरले होते. बाबा त्याबद्दल कधी बोलत नसत, पण त्या क्षणी त्यांच्या मनात तेच होतं, आणि मला भीती वाटली. गिटारची नाही, त्यांची.

आई स्वयंपाकघरातून हात पुसत आली. "चाळीस वर्षं जी पट्टी हातात होती, तीच हातात आली. यात विसरलात काय? दोन सुतांवरून स्वर्ग गाठताय!" आणि तिने करवत उचलून तुळशीमागे ठेवली.

तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. पट्टी चुकीची होती, पण सगळीकडे तीच होती. प्रत्येक अंतर सारखंच वाढलेलं. मग सूर कशाला चुकतील? मी घाईघाईने तारा चढवल्या, माझ्या पट्टीत उतरवल्या. एकेक पडदा दाबत वर गेले. सगळे सुरात. आणि ती जाड तार! अर्धा इंचच लांब झाली होती, चमत्कार काही नव्हता, पण भणभण थांबली होती. सागवानातून तिचा आवाज थेट बरगडीत उतरला.

मी गायले. मोठ्याने, खालच्या पट्टीत, शेजारच्यांनी खिडकी उघडली तरी थांबले नाही. इतका आनंद मला गाताना कधीच झाला नव्हता.

"बाबा," मी म्हटलं, "गिटार बरोबर आहे. अजून थंड व्हायचीय."

ते हसले. त्या लाल शेऱ्याच्या दिवशी हसले होते तसे, पोट धरून. मग कानामागची पेन्सिल काढली, गिटार माझ्या हातातून घेतली, मांडीवर पालथी घातली आणि पाठीवर सावकाश, वळणदार अक्षरात लिहिलं: साध्या पट्टीने मोजू नये.