सहावे नाव

१४ जून २०११ रोजी माझ्या खिडकीवर दोन हजार तीनशे पंधरा रुपये प्रवेश फी भरली गेली. भरणारे आमच्याच कॉलेजचे शिपाई होते, सव्वीस वर्षे तासांची घंटा देणारे मामा. अर्जात विषय लिहिला होता तत्त्वज्ञान.

आमचे कॉलेज एका डॉक्टरांनी स्वतःच्या राहत्या घरात सुरू केले. "पोटापाण्याचं शिकवायला बाकीचे आहेत," असे ते म्हणत. इथे भाषा, इतिहास, तत्त्वज्ञान आणि चित्रकला शिकवत. विद्यार्थी कधी दोनशेच्या वर गेले नाहीत. डॉक्टरांच्या मागे पुतणे कारभार पाहू लागले आणि नियम आला: तिन्ही वर्षांचे मिळून सहा विद्यार्थी नसतील तो विषय बंद. त्या वर्षी तत्त्वज्ञानाला पाच नावे होती. त्यातले एक मामांच्या मुलीचे. तिचे शेवटचे वर्ष होते. विषय बंद झाला असता तर आधीची दोन वर्षे पाण्यात गेली असती.

"मामा, या वयात?"

"बारावी पुरी केलीय, साहेब. दाखला जोडलाय."

"नोकरीत असताना शिकायचं तर लेखी परवानगी लागते."

"प्राचार्य म्हणाले, खुशाल बसा."

"तोंडी?"

"मग काय, सरांनी दिलेला शब्द लिहून घेऊ?"

मी पावती फाडली.

मुले कमी म्हणून तिन्ही वर्षांचा तास एकत्रच होई. मामा दाराजवळच्या बाकावर बसत. तास संपत आला की उठून घंटा देत आणि वही न्यायला परत येत. शिकवणाऱ्या बाई म्हणत, "मामा, कंटाळून लवकर घंटा दिलीत तर गैरहजेरी मांडीन."

"बाई, बाबा घरीही मलाच प्रश्न विचारतात," मुलगी म्हणे. "काल भाजी करपली."

"भाजी आहे हे तरी कशावरून?" मामा म्हणत, आणि सगळा वर्ग, म्हणजे सहा जण, हसे.

फेब्रुवारीत पुतण्यांना एक नोकर कमी करायचा होता. कामाच्या वेळेत विनापरवानगी वर्गात बसतात, असा ठपका मामांवर आला. प्राचार्यांनी कानावर हात ठेवले. चौकशीत मला विचारले, फाइलमध्ये लेखी परवानगी आहे का? मी नाही म्हणालो. ते खरे होते. तोंडी परवानगीबद्दल कोणी विचारले नाही आणि मी आपणहून बोललो नाही. माझ्या नोकरीची सात वर्षे उरली होती.

मामांना काढले. ग्रॅच्युइटी नाकारली. विद्यार्थी म्हणूनही नाव कमी केले. परीक्षेचे अर्ज आधीच गेले होते, म्हणून मुलगी परीक्षेला बसली आणि पास झाली. जूनमध्ये विषय बंद झाला. घंटा विजेची आली.

मामा एका गोदामावर पहारेकरी म्हणून लागले. तिसऱ्या हिवाळ्यात छातीच्या दुखण्याने गेले. पदवीचा कागद न्यायला मुलगी त्यानंतर आली. मी म्हणालो, "बाबांची लायब्ररीची अनामत राहिलीय. पावती असेल तर आण."

तिने सही केली, पेन परत ठेवले.

"चौकशीला तुम्ही होतात ना, काका?"

"होतो."

ती कागद घेऊन गेली. पावती घेऊन आली नाही.

येत्या महिनाअखेरीस मी निवृत्त होतो आहे. नव्या हिशेबनिसांसाठी केलेल्या यादीत एक नोंद आहे. लायब्ररी अनामत, तत्त्वज्ञान, प्रथम वर्ष, दीडशे रुपये. कॉलेजकडून देणे बाकी.