खुसखुसणं

आमच्या घरात खुसखुसणं म्हणजे हसणं नव्हे. माझ्या धाकट्या बहिणीला भीती वाटली, की ती हात तोंडावर दाबून, खांदे हलवत दबका आवाज काढायची. परक्याला ते हसणंच वाटे. लहानपणी न्हाणीत साप निघाला, तेव्हा ती अशीच कोपऱ्यात उभी होती. आईनं वडिलांना ओरडून सांगितलं, "अवो, पोट्टी खुसखुसून राह्यली! भेली ते, उचला तिले!" त्या शब्दाचा अर्थ आम्हाला तेव्हापासून ठाऊक.

तिला रोहिणखेडला दिली. दोन वर्षांनी तिचं आठ महिन्यांचं लेकरू तापानं गेलं. मी तेव्हा वडनेर भोलजीला मास्तर होतो. पोरांना शब्दांचे अर्थ शिकवायचे आणि मध्यप्रांत-वऱ्हाडच्या इन्स्पेक्टरसमोर ते वदवून घ्यायचे, ही माझी नोकरी. निरोप मिळून मी पोचलो, तोवर लेकराला माती दिली होती. तिची सासू ओट्यावर बसली होती.

"मास्तर, तुमची बहीण लेकराच्या मढ्यापाशी हासली. साऱ्या गावानं पाह्यलं."

"हासली नाही, मावशी. खुसखुसली. भेली की तिचं असंच होते."

"आता भ्यायले काय उरलं होतं? लेकरू तं मेलं होतं."

 मी बहिणीच्या नवऱ्याकडे वळलो. "पाव्हणे, तुमी तं तिले ओळखता."

तो खाली बघत म्हणाला, "लग्नाच्या दिवशीही ते अशीच हासली होती, भाऊ. मले वाटलं, खुश हाय."

त्यांनी तिला ठेवून घेतली नाही. परतताना बैलगाडीत ती म्हणाली, "दादा, मी खरंच हासली काय?"

"नाही वं."

"मलेही आता समजत नाही."

आम्ही चार वडीलधारी माणसं घेऊन दोनदा रोहिणखेडला गेलो. दुसऱ्या खेपेला दारात नवी सून पाणी घेऊन आली. पाणी न पिताच उठलो.

बहीण पुढे सात वर्षं माझ्याकडे राहिली. तो आवाज तिच्या तोंडून परत कधी निघाला नाही. वीज कडाडली तरी नाही, आई गेली तेव्हाही नाही. साथीत ती तापानं पडली आणि वैद्यांनी मान हलवली. मी तिच्याजवळ बसलो. "भेव वाटते काय, बाई?"

तिनं नजर माझ्याकडे वळवली. ओठ घट्ट मिटलेले. तिसऱ्या दिवशी ती गेली. शेवटी ती भ्याली होती की नाही, हे मला कळलं नाही.