तिसऱ्या स्लाइडवरचं धाडस

अगं भाचीबाई, ये, फोन जरा कानाशी धर आणि नीट ऐक. अंगठ्याचं चित्र पाठवलं की मावशीची विचारपूस झाली, असं कोणी सांगितलं तुला?

इकडे परदेशात, सेम्बावांगला आमच्या घरी सध्या एका फ्रेंच गायकाने मुक्काम ठोकलाय. माणूस कधीच वारला, पण नातीच्या शाळेत फ्रेंचचा प्रोजेक्ट आहे, 'एका कलावंताचं आयुष्य', म्हणून तो आमच्या जेवणाच्या टेबलावर.

शिंप्याचा मुलगा. पंधराव्या वर्षी शाळा सोडून कॅफेत गायला लागला. लोक अर्ध्या गाण्यातून उठून जायचे. पहिला सिनेमा सपशेल आपटला. तरी हा गातच राहिला, आणि पुढे त्याच लोकांनी त्याच्या तिकिटांसाठी रांगा लावल्या. सिनेमात तर चोर झाला, पाद्रीही झाला.

माझा मुलगा इथल्या वन-नॉर्थ भागातल्या एका कंपनीत मॅनेजर. लेकीचा प्रोजेक्ट म्हणजे त्याच्या ऑफिसचाच! रविवारभर बसून स्लाइड केल्या. शाळा सोडली, ती तिसऱ्या स्लाइडवर 'धाडसी निर्णय'. सिनेमा आपटला, ती 'शिकण्याची संधी'. आपण इतके व्यवस्थित जगलो हे त्या बिचाऱ्या गायकालाही ठाऊक नसेल.

मग घरात तालीम झाली. नात छान बोलली. बापाच्या डोळ्यांत पाणी! तेवढ्यात ती इथल्या पोरांसारखा 'लाह'चा हेल लावून म्हणाली, "बाबा, मला सॅटरडेला सिंगिंग क्लास हवाय. मॅथ्स ट्यूशन नको, लाह."

पाणी जागच्या जागी आटलं.

"अगं, प्रेझेंटेशन वेगळं, आयुष्य वेगळं," मुलगा म्हणाला.

"वा रे शहाण्या," मी म्हटलं, "शिंप्याच्या पोराने शाळा सोडली तर धाडस, आणि तुझ्या पोरीने एक ट्यूशन सोडली तर संकट?"

सूनबाई लगबगीने स्वयंपाकघरात गेली. हसायला, दुसरं काय!

शेवटी साहेबांनी अट घातली. पुढच्या महिन्यात ईस्ट कोस्टच्या समुद्रकिनारी इथल्या मराठी मंडळींची सहल आहे. तिथे सगळ्यांसमोर एक गाणं म्हणून दाखव, मग क्लासचं बघू. पोरगी आता लिफ्टमध्येसुद्धा गाते. सूर डगमगतो गं, खोटं कशाला सांगू. पण सहलीची मंडळी सगळी तिच्या बापाच्याच पंथातली, ट्यूशनवाली. तिच्या बाजूने मी एकटीच किती भांडू? रजा काढ आणि सहलीच्या आधी ये बाई लवकर.