सुतकात सडा घातला न्हाई म्हणून

बायांनो, आज घडलं ते तुमाला सांगितल्याबिगर राहवत न्हाई.

पिंगळीतलं आमचं जुनं घर सावकाराकडं गहाण हाय. त्याला विचारूनच विकायला काढलंय. आमी मागल्या गल्लीत राहतो, तरी मी रोज सकाळी तिथं सडा-रांगोळी करीत होते. गिऱ्हाइकाला घर उदास दिसू नये म्हणून.

सासूबाई गेल्या, सुतक आलं आणि सडा बंद झाला.

आज गेले तर दाराला नवं कुलूप आणि वर उर्दू कागद. मास्तरांनी वाचून दाखवला. त्यात लिहिलेलं, मालक घर टाकून गेले, आता ताबा सावकाराचा.

तशीच सावकाराच्या पेढीवर गेले. मुनीम म्हणाला, "दारात सडा दिसंना, म्हणून मीच तसं लिहून दिलं."

"अवो, सुतक हाय आमच्यात. विचारायचं तरी."

"चुकलं, बाई. पण कागद तहशिलीत गेलाय. तिथून माघारी येत न्हाई."

परत आले तर घर बघायला आलेलं जिंतूरचं गिऱ्हाईक दारावरला कागद बघून निघालं होतं.

उद्या सुतक फिटतंय. पण तुमीच सांगा, दुसऱ्याच्या कुलपापुढं मी कशाची रांगोळी काढू?