बोनारेरीच्या गाडीचे पुढचे पाय

टाबाकाच्या टेकडीवर बोनारेरीच्या गाडीला सगळेजण बकरी म्हणत. गाडी पांढरी, जुनी, लहानशी टोयोटा स्टार्लेट. बदली होऊन गेलेल्या एका मास्तरीणबाईंकडून तिने ती घेतली होती. चढावर गाडी कधी कुरकुरली नाही, पण खड्डा आला की पुढच्या पायांवर अशी टणकन उडी घ्यायची की मागे बसलेल्यांचे दात वाजायचे. "बकरी आली गं, पोरं बाजूला घ्या!" असं बायका ओरडायच्या, आणि बोनारेरी काच खाली करून म्हणायची, "बकरीत बसायचं नसेल तर चाला पायी. डोक्यावर दगड घेऊन."

दगड प्रत्येकीकडे असायचाच, कारण टाबाका सगळं दगडावरच जगतं. शंखजिऱ्याचा मऊ दगड खाणीतून काढायचा, पुरुषांनी तो कोरायचा, आणि बायकांनी पाण्यात भिजवून पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत करायचा, ही तिथली वाटणी. बोनारेरीनेही पोरवयापासून दगडच घासला होता. बोटांच्या टोकांवरच्या रेषा कधीच पुसून गेल्या होत्या. पण माल किसी शहराच्या बाजारात न्यायचा म्हणजे भाड्याच्या गाडीवाल्याची मिनतवारी, आणि तो पोती अशी आपटायचा की निम्मे दगडी हत्ती सोंडेविना पोचायचे. चाळिशी उलटल्यावर बाई गाडी चालवायला शिकली ती या रागातूनच. नवरा माचुकी दर रविवारी गाडी धुवायचा, पुसायचा, पण चालवायला मात्र कधी शिकला नाही. उताराची त्याला भीती वाटायची, आणि ते तो मोकळेपणाने सांगायचाही.

केळीच्या सोपट्यात आणि गवतात गुंडाळलेला सगळ्या आळीचा माल ती किसीला पोचवू लागली. येताना कुणाची आजारी सासू, कुणाची बाळंतीण. गाडीत नेहमी ओल्या दगडाचा वास असे.

पुढच्या डाव्या चाकाकडून टक टक आवाज यायला लागला तेव्हा तिने आधी दगड उडतायत असं समजून सोडून दिलं. मग ब्रेक लावला की गाडीचं नाक खाली जायला लागलं. मग वळणावर गाडी होडीसारखी डोलायला लागली. "पुढच्या महिन्यात बघू," असं ती माचुकीला म्हणायची. टक टक वाढली की रेडिओचा आवाज वाढवायची.

त्याच दिवसांत ओगेगाबाबांची मूर्ती तयार झाली.

ओगेगाबाबा म्हणजे टेकडीवरचा सगळ्यात जुना हात. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, त्यामुळे ते आताशा बोटांनी चाचपत कोरायचे. तरुणपणी खाणीत पडून पाठ दुखावली होती, म्हणून बसूनच काम. किसीतल्या एका बाईने आपल्या गेलेल्या वडिलांची आठवण म्हणून त्यांच्याकडे मूर्ती सांगितली होती. वडील ओबोकानो वाजवायचे, तिकडचं ते मोठं तंतुवाद्य, ज्याचा आवाज पोटात घुमतो. ओगेगाबाबांनी त्यांना लग्नांत वाजवताना ऐकलं होतं. त्यांनी गुलाबी दगडातून तो माणूस उभा केला: मान वाद्याकडे झुकलेली, डोळे मिटलेले, आणि वाद्याचे दोन उंच बाहू बोटाएवढे बारीक. घासायला बोनारेरीच होती. त्या बाहूंवरून पॉलिश पेपर फिरवताना ती श्वास रोखून धरायची.

"एवढं बारीक कशाला ठेवलंत, बाबा?" तिने विचारलं होतं.

"त्याचं वाद्य तसंच होतं," बाबा म्हणाले. "मी काय करू?"

न्यायच्या दिवशी बाबांची सून क्वाम्बोका हिने स्वतः मूर्ती गवतात बसवली, वर आपलं घोंगडं टाकलं. बोनारेरी बैलगाडीच्या चालीने निघाली. ओढ्यावरच्या मोरीपाशी समोरून ट्रक आला. तिने गाडी डावीकडे घेतली आणि डावं चाक मोरीच्या तुटक्या कडेवरून खाली गेलं. फार खोल नव्हतं. धड गाडीने ते सोसलं असतं. पण धाडकन लोखंडावर लोखंड आपटलं, गाडी उसळली, पुन्हा आपटली, पुन्हा उसळली, आणि मागे गवतात काहीतरी कट्‌ असं वाजलं.

तिने गाडी थांबवून घोंगडं उचललं. वाद्याचा एक बाहू तुटला होता आणि त्याबरोबर वाजवणाऱ्याची चार बोटं गेली होती.

बाकीचा माल तसाच ठेवून तिने गाडी वळवली. किसीला जाऊन त्या बाईला आधी सांगावं असं मनात आलं होतं, पण आधी बाबांना सांगणं भाग होतं.

अंगणात बाबा चहा पीत होते. बोनारेरीने मूर्ती त्यांच्यापुढे ठेवली आणि त्यांचा हात धरून तुटक्या जागेवर नेला. बाबांची बोटं तिथे थांबली. मग खाली उतरली, बोटं नसलेल्या पंजावर.

"दगडात शीर असेल," ते म्हणाले.

"शीर नव्हती, बाबा. मी घासलाय तो. गाडीने आपटला."

तोवर क्वाम्बोका चुलीपासून उठून आली होती. "गाडीने? गाडी आपोआप चालते का? नाताळापासून तुझी बकरी लंगडतेय. सगळ्या टेकडीला ऐकू येतंय, तुलाच तेवढं येत नाही! या म्हाताऱ्याला पुन्हा एवढं कोरता येईल का? बोल ना!"

"क्वाम्बोका, पुरे," बाबा म्हणाले.

"का पुरे? रोज संध्याकाळी डोळ्यांवर ओलं फडकं मी ठेवते, ही नाही ठेवत."

बोनारेरी उभीच राहिली. त्यातला एक शब्दही खोटा नव्हता. ती निघाली तेव्हा तिला कुणी चहा घे म्हटलं नाही. त्या घरात असं कधी झालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती मोमान्यीच्या झाडाखाली. हा मोमान्यी मेकॅनिक. हाताचा कसबी, तोंडाचा त्याहून, आणि कामात जमेल तिथे जवळची वाट शोधणारा. त्याने बॉनेटच्या डाव्या कोपऱ्यावर दोन्ही हातांनी भार दिला आणि सोडला. गाडी खाली, वर, खाली, वर.

"धड शॉकअप असता तर एकदाच वर येऊन थांबली असती," तो म्हणाला. "तुमची बघा, लग्नात नाचतेय." मग चाकामागे हात घालून काळी बोटं बाहेर काढली. "तेल गळलंय. आतल्या तेलावरच तर सगळा खेळ. सील गेलं की तेल जातं, तेल गेलं की शॉकअप म्हणजे नुसता दांडा. डावा बदलू. उजवा अजून चालेल थोडे दिवस."

"एका पायात नवा बूट आणि दुसऱ्यात फाटकी चप्पल घालून तू चालतोस का?"

"केरुबोच्या आई, मी तुमच्याच खिशाचा विचार करतोय."

"माझ्या खिशाचा विचार मी बरेच दिवस केला. दोन्ही बदलायचे."

केरुबो ही तिची थोरली मुलगी; सारी टेकडी बोनारेरीला तिच्याच नावाने हाक मारायची. स्वयंपाकघराच्या नव्या पत्र्यासाठी ठेवलेले पैसे तिने कमरेला बांधले आणि मोमान्यीला घेऊन किसीला गेली.

दुकानदाराने आधी काळा चकचकीत जोड काउंटरवर ठेवला. नाव नाही, खूण नाही. मोमान्यीने दांडा आत दाबला; तो लोण्यात सुरी जावी तसा गेला आणि आतच राहिला.

"हा तर झोपला," मोमान्यी म्हणाला.

मग दुकानदाराने जपानहून आलेल्या जुन्या गाड्यांचा उतरवलेला जोड काढला. वापरलेला, पण अस्सल. दाबला की जोर लागत होता, सोडला की सावकाश वर येत होता. मोमान्यीचे डोळे चमकले. "हाच घ्या. नव्याला मागे टाकेल."

बोनारेरीने दांड्यावरून अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला. डोळे मिटून तिसऱ्यांदा.

"इथं खरखरतंय."

"धूळ असेल, आई," दुकानदार म्हणाला आणि फडक्याने पुसून दिलं.

"धूळ नाही. गंज खाल्लेले बारीक टोचे आहेत. मोमान्यी, हा दांडा त्या सीलमधूनच वरखाली जाणार ना?"

मोमान्यीने नख फिरवून पाहिलं, काही लागलं नाही. दांडा उजेडात तिरका धरला तेव्हा दिसलं. "च्यायला," तो म्हणाला. "सीलला हा पॉलिश पेपरच झाला की."

दुकानदार हसला, रागावला नाही. फळीवरून एक खोकं काढलं. नवा, नावाजलेल्या कारखान्याचा जोड. महाग होता. तिने गाडीचं साल सांगितलं, मोमान्यीने जुन्या शॉकअपवरून टिपून आणलेला नंबर खोक्यावरच्याशी ताडून पाहिला, आणि तिने कमरेची गाठ सोडली. मोमान्यी दुकानाबाहेर पडताना म्हणाला, "वरचं माउंटिंगचं रबर जुनंच घालू. तेवढं चालतं." तिने नुसतं त्याच्याकडे पाहिलं. तो परत आत गेला आणि रबरंही घेऊन आला.

झाडाखाली परतल्यावर खरी वादावादी झाली. शॉकअपभोवतीची स्प्रिंग दाबून धरल्याशिवाय तो बाहेर निघत नाही, आणि ती धरायला मोमान्यीने तारेचं वेटोळं काढलं.

"हे काय?"

"नेहमी असंच करतो."

"आणि तार तुटली तर तुझं थोबाड मी कोणत्या शेतात शोधू? तुझ्या आईला काय सांगू?"

"स्प्रिंग दाबायची आवळपट्टी फक्त पलीकडच्या गॅरेजात आहे. आणि त्याच्याशी मी बोलत नाही."

"का?"

"फुटबॉलवरून."

बोनारेरी स्वतः गेली. पलीकडच्याने आधी मोमान्यीच्या संघाची टिंगल ऐकवली, ती तिने मान डोलवत ऐकली, आणि दोन स्क्रूच्या आवळपट्ट्या उचलून आणल्या. मोमान्यीने तोंड वाकडं करत त्या लावल्या. स्प्रिंग इंच इंच दबत गेली तसं त्याचं वाकडं तोंड सरळ झालं. जुना डावा शॉकअप बाहेर आला. त्याचा दांडा मोमान्यीने एका बोटाने दाबला तर पुरा आत गेला. उजवाही काही फार वेगळा नव्हता. वरचं रबर चिरून सुकल्या भाकरीसारखं झालं होतं.

नवीन बसवून, गाडी चाकांवर उतरवून त्याने नट आवळले. चालवून पाहताना गाडी डावीकडे ओढत होती, म्हणून मोठ्या रस्त्यावरच्या गॅरेजात जाऊन चाकांचं अलाइनमेंटही करून घेतलं. येताना मोरी आली. चाक त्याच कडेवरून हळूच नेलं तिने, मुद्दाम. गाडी एकदा दबली, वर आली आणि थांबली. रेडिओ बंद होता. कुठेही टक झालं नाही. बोनारेरीने गाडी कडेला लावली आणि पदराने तोंड झाकून रडली. मोमान्यी खिडकीबाहेर बघत बसला.

बोनारेरीने मग तुटकी मूर्ती किसीच्या बाईकडे नेली. तिने ती पाहिली, वडिलांच्या तोंडावरून हात फिरवला आणि ती आहे तशीच घेतली. "म्हातारपणी त्यांची बोटं चालतच नव्हती," ती म्हणाली. "पण मान अशीच झुकायची." तिने ठरलेले सगळे पैसे देऊ केले, ओगेगाबाबांनी अर्धेच घेतले. त्यावरून क्वाम्बोकाचं आणि त्यांचं पुन्हा वाजलं.

त्या आठवड्यात बोनारेरी त्यांच्या अंगणात गेली ती बसलीच नाही. "बाबा, किसुमूला डोळ्यांचा दवाखाना आहे. मी नेते."

"बसमध्ये माझी पाठ मोडते, पोरी. एकदा ओयुगिसपर्यंत गेलो होतो, तिथून परत आणलं मला."

"बस नाही. माझी गाडी."

"बकरी?" क्वाम्बोका म्हणाली. "हाडं पिशवीत भरून आणशील त्यांची."

"तूही चल मग. पिशवी धरायला."

क्वाम्बोका आत गेली आणि घोंगडं घेऊन आली. तेच घोंगडं.

पहाट फुटल्यावर निघाले. बाबा मागच्या सीटवर, उशीला टेकून, दोन्ही हातांनी पुढची सीट घट्ट धरून. क्वाम्बोका पुढे, तोंड मिटून, प्रत्येक खड्ड्याला मागे वळून बघत. ओयुगिस मागे पडलं. सोंडूच्या उताराला बाबांचे हात सीटवरून सुटले.

"बाबा?" बोनारेरी घाबरून म्हणाली.

क्वाम्बोका वळली. म्हाताऱ्याचं तोंड उघडं होतं आणि तो घोरत होता.

"झोपलेत," ती कुजबुजली. "घरी रात्रीसुद्धा असे झोपत नाहीत." मग पिशवीतून उकडलेलं केळं काढून सोललं आणि अर्धं बोनारेरीच्या हातात दिलं. बोनारेरीने एका हाताने स्टिअरिंग धरून ते खाल्लं.

एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, दुसऱ्याचं पुढे व्हायचं होतं. मुक्काम क्वाम्बोकाच्या मावसबहिणीकडे. पट्टी काढली त्या दिवशी बाबांनी आधी सुनेकडे निरखून पाहिलं, मग बोनारेरीकडे.

"तू म्हातारी झालीस की गं," ते म्हणाले. "मी आपला तुला पोरगीच समजत होतो."

परतीच्या वाटेवर क्वाम्बोकाने तळ्याकाठी गाडी थांबवायला लावली आणि तळलेल्या माशांची मोठी पुडी घेतली. साऱ्या गाडीत माशांचा वास भरला. बाबा काच लावू देईनात. पाटी दिसली की मोठ्याने वाचायचे, नवं घर दिसलं की कुणाचं म्हणून विचारायचे, शेतातल्या मक्याला पिवळेपणा आलाय म्हणून अनोळखी शेतकऱ्याला शिव्या द्यायचे.

"बाबा, थोडा वेळ गप्प बसा ना," क्वाम्बोका अखेर म्हणाली. "जाताना किती छान झोपला होतात."

"जाताना बघण्यासारखं काय होतं?" म्हातारा म्हणाला आणि खिडकीतून आणखी डोकं बाहेर काढलं. "बोनारेरी, जरा हळू घे. ती बाई काय विकतेय?"