सहावी पाकळी

वैनगंगेचं पाणी या जगात फक्त एका माणसाला वचकून असावं, आणि ते माणूस म्हणजे माझी मोठी वहिनी. दीर म्हणून कौतुकानं बोलत नाही. धरणाच्या फुगवट्यावर तिच्यासोबत सहा वर्षं बोट चालवली, त्या अनुभवानं सांगतो. नागपूरच्या एका मालकाची दुमजली बोट होती ती. खाली काचबंद, थंडगार हॉल, आणि तो थंड ठेवायला मागच्या बाजूला फळीखाली जनरेटर. मी सुकाणूवर, वहिनी झाडू-फडक्यावर. निदान कागदावर तरी तसंच लिहिलेलं होतं.

हा जनरेटर नदीचंच पाणी पिऊन थंड राहायचा. तळाच्या व्हॉल्व्हमधून पाणी आत, गाळणीच्या डब्यातून पंपात, तिथून बारीक नळ्यांच्या जुडग्यात, आणि शेवटी धुरासोबत मागच्या पाइपातून बाहेर. मेकॅनिकनं दोनदा समजावलं तेव्हा कुठे माझ्या डोक्यात शिरलं. वहिनीला कोणीच समजावलं नव्हतं. ती एकोडीची, धानाच्या बांध्यांत वाढलेली. खेकड्यानं धुऱ्याला, म्हणजे शेताच्या बांधाला, कुठे भोक पाडलंय हे पाण्याच्या आवाजावरून सांगणारी. तिचं शास्त्र एका वाक्याचं होतं, "जेवढं गेलं तेवढं आलं पायजे भाऊजी. कमी आलं तं मधात कोनीतरी अडवून बसला आहे." म्हणून जनरेटर सुरू झाला की ती मागच्या कठड्यावर ओणवी व्हायची आणि पाइपातून पाण्याची पिचकारी उडाली की तिथूनच ओरडायची, "मुतला वो, भाऊजी!" प्रवाशांत कलेक्टर कचेरीतले साहेब असोत नाहीतर नवी नवरी, तिला फरक पडत नसे. मला मात्र सुकाणूमागे तोंड लपवावं लागायचं.

गाळणीचा डबा ती रोज उघडायची. त्यात जलकुंभीची मुळं, शिंपले, गुटख्याच्या पुड्या आणि एखादा जिवंत झिंगा निघायचा. झिंग्याला ती नदीत सोडायची, पण आधी रागवायची, "इतकी मोठी नदी पडली हाये, इथं कायले आलास?" एकदा नागपूरहून आलेल्या मेकॅनिकनं व्हॉल्व्ह बंद न करताच डबा उघडला आणि नदी भसाभसा बोटीत यायला लागली. तो बिचारा झाकण शोधत राहिला. वहिनीनं पायानंच व्हॉल्व्हचा दांडा फिरवला आणि त्याच्या हाती पोछा दिला. त्या दिवसापासून व्हॉल्व्ह बंद केला की जनरेटरची चावी ती त्याच दांड्याला सुतळीनं बांधायची. तोंड बांधलेल्या जनरेटरला कोणी चालू करू नये म्हणून. पावसाळ्यात बोट बंद असली की पंपातलं रबरी चाक, म्हणजे इम्पेलर, काढून घरी आणायची आणि साबणानं धुऊन स्टीलच्या डब्यात ठेवायची. माझा भाऊ वरठीच्या कारखान्यातून मोटरसायकलीवर भुकेला यायचा आणि चिवडा समजून नेमका तोच डबा उघडायचा.

आणि मग मे महिन्यातली ती सकाळ. एका शाळेच्या मुख्याध्यापिका बाई निवृत्त झाल्या होत्या, त्यांच्या निरोपासाठी बोट ठरलेली. चाळीसेक माणसं, त्यात बरीच म्हातारी. ती यायच्या आधी जनरेटर लावून पाहिला, आणि वहिनी पाइपाकडे बघत गप्प झाली. "पानी पातळ आहे," एवढंच म्हणाली आणि बंद करायला लावला. पंप उघडला तर इम्पेलरच्या पाकळ्या तुटलेल्या. तिनं तुकडे ताटात घेऊन चाकाभोवती जिथल्या तिथे मांडले. सहापैकी पाच मिळाल्या.

मी नवं चाक बसवलं. जनरेटर सुरू झाला, पाणीही बरं आलं. पाहुणे घाटावर येऊन उभे होते. वहिनी उठेना.

"वैनी, चालू झाला ना आता!"

"सहावी कुठं गेली?"

"गेली असंन वाहून."

"अन् नळीत अडकली असंन तं? मधात पानी थांबंन, मांगची रबराची नळी जळंन, अन् धूर जाईन हॉलमंदी. काचा बंद. थे म्हातारे कुठं जातीन?"

मालकाचा फोन आला. मी तो तिच्या कानाला लावला, आणि खरं सांगायचं तर मनातून मी मालकाच्याच बाजूला होतो. तो इतक्या जोरात बोलत होता की मलाही ऐकू येत होतं : एका रबराच्या तुकड्यासाठी पार्टी बुडवणार का, उद्यापासून येऊ नका. वहिनीचा आवाज चढला नाही. "उद्यापासून नका ठेवू मले," ती म्हणाली. "पन आज बोट नाई सुटत." चावी तिनं पदरात बांधली आणि फळीखाली उतरली.

मीही मग पाना घेऊन मागोमाग उतरलो. एकेक नळी सोडवायची, तिनं बोट घालून चाचपायचं, पुढची सोडवायची. वर माणसं कुरकुरत होती. कुरकुरत नव्हत्या त्या फक्त मुख्याध्यापिका बाई; त्या फळीजवळ चक्क खाली बसून ताटातल्या पाच पाकळ्या बघत होत्या. दीड-दोन तासांनी, नळ्यांच्या जुडग्याच्या अगदी तोंडाशी, वहिनीचं बोट थांबलं. सहावी पाकळी आडवी होऊन तीन नळ्या झाकून बसली होती. आणखी कचरा येऊन अडकायचाच अवकाश होता.

तिनं ती ताटात ठेवली. चाक पुरं झालं. बाई म्हणाल्या, "जन्मभर हजेरी घेतली मी. पण अशी नाही घेतली." त्यांनी गळ्यातला निरोपाचा हार काढून वहिनीला घातला. वहिनीचे दोन्ही हात काळे झालेले, तिला तो काढताही येईना. त्या वेळी माझी मान आपोआप खाली गेली.

मालकानं माफी मागितली नाही, पण कामावरूनही काढलं नाही. पुढे सुटे भाग यायचे त्या खोक्यांवर वहिनीचं नाव असायचं.

मागच्या वर्षी बोट विकली गेली, दूरच्या कुठल्याशा धरणावर. ट्रेलरवर चढवायच्या दिवशी मी वहिनीला घेऊन गेलो. नव्या मालकाचा मिस्त्री ट्रेलरच्या चाकाला टेकून उभा होता. तिनं त्याला सगळं सांगितलं, अगदी सुरुवातीपासून, हातवारे करून. तो मान हलवत राहिला. परत येताना शहापूर आलं. गाडीवर मागून ती म्हणाली, "भाऊजी, थो ऐकून राहिला होता ना?"

मी म्हणालो, "हो वैनी, नीट ऐकत होता."

त्याच्या कानात इअरफोनच्या वायरी होत्या. त्या तिला दिसल्या नसाव्यात, असं मी अजूनही धरून चाललो आहे.