वेशीबाहेर थांबलेली मोटार

करीमचाचा गेल्याचं त्यांच्या मुलानं आमच्या ओट्याखाली उभं राहून सांगितलं. नाना तेव्हा माकणी गावच्या सभेसाठी कुणाची मोटार मिळेल का, याची चौकशी करत होते. त्यांनी ऐकलं, आत जाऊन टोपी घातली आणि मुलाबरोबर निघाले. मी दारातच राहिले. अशा वेळी काय बोलावं हे मला कधीच सुचत नाही... त्याला आता काही आठवडे झाले.

नाना म्हणजे माझे वडील, धाराशिवचे वकील. निजाम सरकारनं कारभार लोकांच्या हाती द्यावा, असं सांगत ते गावोगाव हिंडतात. करीमचाचांनी त्याच सरकारच्या कोर्टात हयातभर सरिश्तेदारी केली, दप्तर सांभाळलं आणि निवृत्तीनंतर आमच्या शेजारी राहिले. संध्याकाळची नमाज झाली की पानाचा डबा घेऊन ते आमच्या ओट्यावर येत. नाना भाषण वाचून दाखवत, चाचा सुपारी कातरत ऐकत. एखादं वाक्य पटलं नाही की अडकित्त्याचा आवाज वाढे. मी हैदराबादेत इंग्रजी शाळेत शिकले. सुट्टीत घरी आले की ते मला 'मेमसाब' म्हणत, पण त्यात टोचणी नसे.

महायुद्धाच्या दिवसांतल्या एका दसऱ्याच्या सुट्टीत नाना मला बेंबळी गावी सभेला घेऊन गेले. एका व्यापारी मित्राची मोटार होती, नानांच्या अंगात शेरवानी होती. चावडीपुढं नाना तासभर बोलले. समोर चार म्हातारे आणि एक कुत्रं. परत आल्यावर ते ओट्यावर चिडून बसले. "लोकांना स्वातंत्र्याची भूकच नाही, सरिश्तेदार!"

चाचा सुपारी कातरत होते. माझ्याकडं वळून म्हणाले, "मेमसाब, तुम्ही बोलत न्हाय, म्हणजे बघत असणार. काय दिसलं?"

मी म्हणाले, "मोटार जसजशी पुढं गेली, तसतशी दारं बंद होत गेली."

अडकित्ता थांबला. मग चाचा इतके हसले की त्यांना ठसका लागला. "वकीलसाब, बेंबळीत मोटार कुणाची येते? सरकारी लेव्हीचं धान्य वसूल करणाऱ्यांची! वर तुमची अंमलदारासारखी शेरवानी. ज्वारी लपवायला पळाले असतील बिचारे, भाषण कोण ऐकतो?" हसू ओसरल्यावर ते सावकाश बोलू लागले. बेंबळीत गिरदावरानं, म्हणजे महसुलाच्या अंमलदारानं, बियाण्याच्या कणग्यांनाही लाखेची मोहर लावली होती. रान वाफशावर, म्हणजे पेरणीजोग्या ओलीवर, आलं होतं. "तुमचा जबाबदार कारभार लई चांगला. पण आधी बियाणं सोडवा. जुमेरातीला तहसीलदार कचेरीत असतात, तेव्हा अर्जी द्या."

त्याच गुरुवारी लातूरला परिषद होती. हैदराबादचे पुढारी येणार होते आणि नाना अध्यक्ष होते.

"पेन्शन निजामाची खायची आणि सल्ला आम्हाला द्यायचा?" नाना म्हणाले.

"पेन्शन खातो, म्हणून जीभ गहाण टाकली न्हाय. पुढारी पुढच्या साली बी येतील. वाफसा थांबतो का?"

नाना उठून आत गेले.  सकाळी त्यांनी परिषदेला येत नसल्याची तार केली आणि बैलगाडी सांगितली. अंगात साधा सदरा होता. मीही गाडीत चढले. गाडी निघताना चाचा आपला डबा घेऊन आले आणि न विचारता आत बसले. सरकारविरोधी वकिलाशेजारी निजामाचा पेन्शनर... कचेरीवरून जाताना सगळ्यांनी पाहिलं.

बेंबळीत या वेळी नानांनी भाषण केलं नाही. चाचांच्या सांगण्यावरून ते एका ओसरीवर बसले, पाणी मागितलं आणि पेरणीचं विचारलं. घरातली म्हातारी त्यांना निरखत म्हणाली, "मागल्या बारीला मोटारीत आल्ते ते तुमीच व्हय? आवं, तुमच्यापायी म्या ज्वारी चुलीमागं पुरली की!" नानांना इतकं मोकळं हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं. दुपारपर्यंत ओसरी भरली. चाचांनी मांडीवर पाट ठेवून कोर्टाच्या उर्दूत अर्जी लिहिली, नानांनी ती गुरुवारी तहसीलदारापुढं मांडली. बहुतेक मोहरा निघाल्या. पेरणी उशिरा झाली, पण झाली. कचेरीतल्या काही जुन्या सोबत्यांनी मात्र चाचांचा सलाम घेणं बंद केलं. चाचांनी त्याबद्दल तक्रार केल्याचं मला आठवत नाही. सुपारी थोडी जास्त कातरत, एवढंच.

परवा माकणीला गेलो. मोटार मिळाली होती. गाव दिसू लागलं तशी नानांनी वेशीबाहेर ती थांबवायला सांगितली. शेरवानी काढली, घडी करून सीटवर ठेवली आणि सदऱ्यावर चालू लागले. मी मागं. पहिल्याच घरापुढं एक बाई सुपात ज्वारी पाखडत होती. तिनं मान वर करून आम्हाला पाहिलं... आणि पुन्हा पाखडू लागली.